गाडीची मूळ बॅटरी कधी बदलायची?

कंपनीतून आलेली लेड-ॲसिड बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं चालते. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरा. उष्णतेने आतल्या प्लेट लवकर गंजतात. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवणाऱ्यांचीही लवकर जाते, कारण ती पूर्ण चार्जच होत नाही.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे उत्तम, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर आधी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही तेच? बदला. त्याआधी टर्मिनलवरचा (वायर जोडायच्या टोकांवरचा) पांढरा-हिरवा गंज साफ करा, बरेचदा दोष तिथेच असतो! बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह (−) वायर सोडवा, बसवताना ती शेवटी जोडा. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीत साधी बॅटरी टाकू नका.