आमची वाटचाल : दांडेवाल्याचं दुकान आणि एक कामठा

पोरगा म्हणाला, आबा, दुकानाची माहिती लिहून द्या, आता सगळेच लिहितात. त्याने सुरुवातही करून ठेवली होती : ‘आम्ही दर्जाशी कधीही तडजोड केली नाही.’ ते वाक्य मी खोडलं. तडजोड केली आहे, एकदाच केली, आणि तिचं व्याज किती वर्षं भरलं ते पुढे येईलच.

शहाद्यात वडिलांचं दुकान होतं बैलगाडीचं. बाभळीचा तुंबा, बाभळीचेच आरे-पाटे, गाडीला धुऱ्या तिवसाच्या किंवा धामणाच्या. धाव चढवायच्या दिवशी गोवऱ्यांचा जाळ पेटायचा आणि गल्लीतली पोरं शाळा बुडवून बघायला यायची. लाल झालेली लोखंडी धाव चाकावर बसवून पाणी ओतलं की ती आवळताना सगळे सांधे एकदम करकरायचे. वडील तेवढाच आवाज ऐकायचे. सांधा बरोबर नसेल तर चाक न बघता सांगायचे, ‘कोपऱ्यातला आरा ढिला आहे.’ मला अजून ते जमलेलं नाही.

पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले. वखर, पाभर, जू सगळं लोखंडाचं झालं. 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला तेव्हा आमच्याकडे वर्षाला चार गाड्यांचंही काम उरलं नव्हतं. म्हणून दांड्यांकडे वळलो. कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, फावडं, घण. लोकांना वाटतं दांडा म्हणजे काय, एक काठी. घणाचा दांडा हातातून निसटला की काय होतं ते दगडखाणीतल्या माणसाला विचारा.

दांड्यांची कल्पना माझी एकट्याची नव्हती, हे लिहायलाच हवं. माझा भागीदार खरादीवर, म्हणजे लाकूड फिरवून गोल करायच्या यंत्रावर, बसला की बघत राहावं असा हात होता त्याचा. मापाला फर्मा न लावता शंभर दांडे सारखे काढायचा. तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, तिन्हीकडचे बाजार त्यानेच बांधले. मी लाकूड बघायचो, तो माणसं बघायचा. मधली बारा-तेरा वर्षं चांगली गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दांडे केले, विकले, पोरांची लग्नं केली.

मग 2016. पावसाळ्यात एका ठेकेदाराची तीन हजार कुदळीच्या दांड्यांची ऑर्डर आली. मुदत दीड महिना. आमच्याकडे वाळलेलं लाकूड होतं बाराशे दांड्यांपुरतं. मी म्हटलं, बाराशेच घेऊ. भागीदार म्हणाला, असं गिऱ्हाईक परत येत नाही, ओलं लाकूड वापरू, रंग मारला की कोणाला कळतं. मी ‘हो’ म्हटलं. त्याचं नाव सांगून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण ‘हो’ मीच म्हटलं होतं. दसऱ्यानंतर माल गेला, दिवाळीपर्यंत निम्मे दांडे धनुकलीसारखे वाकले. ठेकेदाराने वाकलेल्यांचे तर नाहीच, सरळ राहिलेल्यांचेही पैसे दिले नाहीत. आजतागायत नाहीत.

त्यात 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. सॉ मिलवाल्याचे द्यायचे होते, कारागिरांचे द्यायचे होते, आणि गल्ल्यात होत्या नेमक्या त्याच नोटा. आठवडे बाजारात दांडा चाळीस रुपयांचा आणि समोरच्याच्या हातात दोन हजाराची नोट. सुट्टे कुठून आणायचे? डिसेंबरात भागीदार म्हणाला, आपला हिशेब करू. हिशेबात त्याने खराद घेतली, फर्मे घेतले, आणि वहीतली तिन्ही बाजारांची पानं फाडून घेतली. फर्मे माझ्या वडिलांच्या वेळचे होते. संक्रांतीला त्याच रस्त्यावर, आमच्यापासून सातव्या गाळ्यात, त्याने दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं ‘मूळ दांडेवाले’. लोखंडी पाइपचे दांडे, फायबरचे दांडे. मूळ! माझी बायको म्हणायची, अहो, त्या बाजूने जाऊच नका. दोन वर्षं मी बसस्टँडला लांबच्या रस्त्याने गेलो.

म्हणून सांगतो, कोणी विचारलेलं नसलं तरी. भागीदारी कितीही जुन्या दोस्ताशी असू द्या, कागद करा आणि अवजारं कोणाची ते त्या कागदावर लिहा. पैसे परत मिळतात. फर्मे मिळत नाहीत.

त्या जानेवारीत मी गाळा सोडायचं ठरवलं होतं. तेव्हा नाना आले. नाना धडगावकडचे पावरा आदिवासी. शेती करतात आणि आठवडे बाजारात कुऱ्हाडी, विळे, दांडे मांडून बसतात. माझ्याकडून माल नेण्याला त्यांना तेव्हा अठरा वर्षं झाली होती. ते एसटीने आले, खांद्यावरची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत शंभर, पन्नास, वीस, दहाच्या नोटा. बावीस हजार. लहान बाजाराचा पैसा लहानच असतो, तो बंद झाला नव्हता. बाजारातल्या अहिराणीत म्हणाले, ‘भाऊ, वरीसभरना दांडाना पैसा आत्तेच ली ले. जसा व्हतीन तसा दे.’ मी म्हटलं, नाना, खराद नाही माझ्याकडे. तर म्हणाले, ‘वाकस शे ना?’

तासायचा वाकस होता. रंधा, पटाशी, मरफा, वडिलांचा भोकं पाडायचा सामता, सगळं होतं, कारण भागीदाराला हातावरच्या अवजारांत रस नव्हता. त्या वर्षी नानांचे सगळे दांडे मी वाकसाने तासले आणि काचेच्या तुकड्याने घासले. खरादीवरचा दांडा गोल आणि गुळगुळीत होतो, पण खराद लाकडाच्या तंतूंची आड-उभी रेषा बघत नाही. वाकस रेषेच्या बाहेर गेला की हाताला कळतं. वर्ष संपायच्या आत नानांकडून गिऱ्हाइकांचा निरोप आला की ‘ह्याच हातचे’ दांडे पाठवा.

कामठ्याचं, म्हणजे धनुष्याचं, पुढच्या वर्षी निघालं. होळीच्या आधी नाना आले तेव्हा उगाच बोलता बोलता म्हणाले, बापाचा धामणाचा कामठा होता, घर गळायचं त्यात भिजून गेला, तसा परत बघितला नाही. सातपुड्यात कामठा बहुतेक बांबूचा असतो, आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची चीप. बांबूचा त्यांना घरीच करता येतो, त्यासाठी माझी गरज नव्हती. धामणाचा मात्र गावात करणारा उरला नव्हता. मी म्हटलं, मी करतो. सुताराची जात, अंगात मिजास. धामणाला संस्कृतात ‘धन्वन’ म्हणतात हे एका मास्तरांनी सांगितलं होतं, म्हणजे झाडाच्या नावातच धनुष्य. मला वाटलं, दोन दिवसांचं काम.

नानांच्या बांधावरचं मालकीचं धामण वादळात पडलं होतं. परवानगी, वाहतुकीचा पास सगळं रीतसर करून सहा फुटांचा ओंडका आणला. इथे पहिली गोष्ट मी बरोबर केली : करवत लावली नाही. पाचरी ठोकून उभा चिरला. पाचर रेषेनेच जाते, करवतीला मालक नेईल तिकडे जावं लागतं. दोन पट्ट्या चांगल्या निघाल्या. टोकांना मेण लावलं, नाहीतर टोकाकडून पाणी आधी उडतं आणि फटी पडतात.

दुसरी गोष्ट चुकली. एक पट्टी दोन महिन्यांत काढली आणि तिची पाठ, म्हणजे निशाणाकडचं तोंड, रंध्याने सपाट केली. दिसायला इतकी सुंदर झाली की मी गल्लीतल्या चार जणांना दाखवली. भिंतीत खुंटी मारली, मागे खडूने दोन-दोन इंचांवर आडव्या रेघा ओढल्या, दोरी लावली आणि ओढायला लागलो. बावीस इंचांवर आवाज आला तो गोळीसारखा. एक तुकडा छतावर, एक माझ्या मनगटावर. खूण अजून आहे.

नानांनी तुकडा उचलला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले. तिथे झाडाची रेषा किंचित उजवीकडे वळली होती आणि माझा रंधा सरळ गेला होता. म्हणाले, ‘तू रंधानी रेघ धरी, झाडनी धरी नही.’ ओढताना सगळा ताण पाठीवर येतो. तिथले तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड हवेत. साल काढायची आणि खालचं लाकूड वाकडं असेल तर वाकडंच ठेवायचं. उभा जन्म सरळ करण्यात गेलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

मधे बाजारातून आणलेल्या एका पट्टीवर हात साफ केला. ती मोडली नाही, पण लाकूड आतून ओलं होतं. दोरी काढली तरी वाकलेलीच राहिली, चार दिवसांत जोर गेला. ते बघून मला ठेकेदाराचे दांडे आठवले. तीच चूक, तेच लाकूड, तोच मी.

मग नानांच्या ओंडक्याची दुसरी पट्टी माळ्यावर टाकली आणि पुढचं पूर्ण वर्ष हात लावला नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा पत्र्याखाली लाकूड ठेवलं तर ते फार वाळून ठिसूळ होतं. म्हणून मे महिन्यात ती पट्टी माठाच्या खोलीत होती. बायको म्हणाली, पाहुणा आहे का तो?

तिसऱ्या वेळी घाई केली नाही. लांबी सहासष्ट इंच. मुठीला चार इंच जागा, मुठीलगत रुंदी दीड इंच आणि टोकाला जेमतेम अर्धा. पाठीला फक्त काच लावली, तीही साल सुटण्यापुरती. पोटाकडून मात्र तासायचं. दोरी लावून थोडं ओढायचं, तीस-चाळीस वेळा, मग लांब उभं राहून खडूच्या रेघांवर दोन्ही बाहू बघायचे. जिथे ताठ दिसेल तिथे काचेचे आठ-दहा हात. जिथे जास्त वाकतंय तिथे अजिबात नाही, तिथून दूर राहायचं. परत तीस-चाळीस वेळा. डावा बाहू एका गाठीपाशी अडून बसला होता. तेवढ्याला चार संध्याकाळी गेल्या. गाठीभोवती लाकूड जास्त ठेवावं लागतं आणि ताठपणा तर काढायचा असतो, दोन्ही एकदम. दांडा करताना गाठ असलेली पट्टी आपण जळणात टाकतो. इथे टाकायला दुसरी नव्हती.

गंमत म्हणजे टोकांच्या खाचा करताना वडिलांचा सामता हातात होता. सामता फिरवायला काय लागतं? कमान. दोरी लावलेली वाकडी काठी. तीन पिढ्या दुकानात धनुष्यच वापरत होतो आणि मला दोनदा फसल्यावर कळलं.

सव्वीस इंचांवर कापूस तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवला : साडेसतरा किलो. तिरंदाजीवाले पौंडात मोजतात, त्यांच्या हिशेबाने साधारण साडेअडतीस. जवसाचं तेल तीनदा पाजलं. वॉर्निश नाही. दोरी माझ्याकडे डॅक्रॉनची तयार होती, नानांनी ती बाजूला ठेवली आणि पिशवीतून स्वतः तासलेली बांबूची चीप काढली, दोन्हीकडे सुती फासे बांधलेली. मागच्या मैदानात गोणीवर पहिला बाण त्यांनी मारला. बाण पहिल्या दोन बोटांत धरून, अंगठा न लावता. मग कामठा माझ्याकडे देत म्हणाले, ‘बापनाथून थोडा नरम शे.’ एवढंच. मला दोन दिवस वाईट वाटत होतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, नाना आता पासष्टीचे. बापाचा कामठा त्यांनी ओढला तो विशीत.

पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बावीस हजारांचं काय करणार होतो?

त्यानंतर बातमी पसरली. आता वर्षाला दहा-बारा कामठे होतात, जास्त नाही. काही तिरंदाजी शिकणाऱ्या पोरांसाठी, काही घरात लावायला. शिकारीसाठी कोणी मागितला तर सरळ नाही म्हणतो. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि नसता तरी नाही म्हटलं असतं. गिऱ्हाइकांना दोनच गोष्टी सांगतो : काम झालं की दोरी उतरवा, आणि बाण न लावता ओढून सोडू नका. बाणाला जायचा जोर लाकडातच परत शिरतो. दर वर्षी एक तरी माणूस ओढून सोडतो आणि मग मला फोन करतो.

सातव्या गाळ्यातही आता ‘पारंपरिक धनुष्य’ मिळतं. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला त्याचा ठेला मी बघितला. प्लायवूड, वर वॉर्निश, नायलॉनची दोरी. नायलॉन ताणतो, त्याच्या दोरीने बाण दहा पावलं जाईल. त्याने मला बघितलं आणि चहा मागवला. मी प्यायलो. फर्म्यांचं त्याने काढलं नाही, मीही नाही. उठताना मात्र त्याचं एक धनुष्य उचलून मुठीत बघितलं. मुठीचा आकार वडिलांच्या कुऱ्हाडीच्या फर्म्याचा होता.

गेल्या होळीला नाना आले ते नातीला घेऊन. पोरगी आश्रमशाळेत तिरंदाजी करते. तिला धामणाचाच हवा, आजोबांसारखा, पण चोपन्न इंचांचा आणि नऊ-दहा किलोच्या ओढीचा. मी तिचा हात मापून घेतला. पट्टी चिरून माळ्यावर टाकली आहे, टोकांना मेण लावलंय. पुढच्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हात लावायचा नाही असं पोराला सांगितलंय. तो तरी दिवसाआड शिडी लावून वर चढतो.