टू-इन-वनमध्ये ब्लूटूथ बसवून द्या ना!

"आमच्याकडे एक जुना टू-इन-वन आहे. रेडिओ मस्त लागतो, टेप तेवढा बंद आहे. त्यात ब्लूटूथ किट टाकून द्या ना. दोन-तीनशेला मिळतं म्हणे, तुमचं काय असेल ते वेगळं देतो."

मी जुने टेप-रेडिओ दुरुस्त करतो, त्यामुळे ही मागणी सारखी येते. नाही म्हटलं की माणसं आधी हसतात. त्यांना वाटतं मी भाव वाढवतोय. मग विचारतात, "का?" या 'का'ला मी आजवर वेळ नाही, सामान नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय अशी वाट्टेल ती उत्तरं दिली आहेत. लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न आलाय, मयताला गेलो होतो तिथेही आलाय. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. नाही पटलं तर राहिलं.

मला ब्लूटूथचा राग नाही. रोज स्वयंपाकघरात आमच्याकडे त्याच्यावरच गाणी चालतात. आणि तुमची मागणी मला कळते. जुन्या सेटचे चार-पाच इंची स्पीकर, मोठा डबा, त्यातून येणारा भरीव आवाज हाताच्या मुठीएवढ्या नव्या स्पीकरमधून येत नाही. तो आवाज हवा, पण गाणी फोनमधली हवीत, यात चूक काहीच नाही.

'आवाज बिघडतो' हे कारण मी पूर्वी छातीठोकपणे द्यायचो. किट बसवलेले सेट यायचे, त्यांत गाण्यामागे बारीक चिंऽऽ असायचंच. मी म्हणायचो, बघा, जपानी ॲम्प्लिफायरला हे मानवत नाही. कसलं काय! किट आणि ॲम्प्लिफायर एकाच सप्लायवर घेतले, अर्थची (परतीची) वायर कुठेही जोडली, की डिजिटल बोर्डाचा कचरा आवाजात उतरतो. किटला स्वतंत्र सप्लाय देणारा नखाएवढा आयसोलेटेड कन्व्हर्टर मिळतो, ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर, मधे थेट जोड नाही. तो टाकला की चिंऽऽ जातं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून तो पहिल्यांदा आणून लावला, त्या दिवशी हे कारण बाद झालं. तरी पुढे काही महिने मी तेच सांगत होतो, ते सोडा.

दुसरं कारण, 'सेट जसा आला तसाच राहिला पाहिजे.' हेही मीच खोडतो. मी काय काय बदलतो ते माझ्या टेबलाखालचा कचऱ्याचा डबा बघितलात तर कळेल. बेल्टचं डांबर झालेलं असतं, ते पुलीवरून खरवडून नवे बेल्ट घालतो. वाळलेले कंडेन्सर बदलतो. आणि सेल गळलेला सेट असेल तर वायरीच बदलाव्या लागतात. हे लोकांना माहीत नसतं. सेलच्या खणातली गंजलेली स्प्रिंग सगळ्यांना दिसते. ती पॉलिश पेपरने घासतात, सेट चालत नाही, मग माझ्याकडे आणतात. गळालेलं पाणी तोवर वायरच्या प्लॅस्टिकच्या आतून, तांब्याच्या तारांमधून वर चढलेलं असतं. बाहेरून वायर लालभडक, नवीकोरी. टोक सोललं की आत तांबं काळं. आणखी बोटभर सोला, तरी काळं. त्यावर सोल्डर धरतच नाही. कितीही पेस्ट लावा, गोळी होऊन घसरतं. इरेला पेटून सोल्डरिंग आयर्न टेकवून बसलात तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचकटून हातात येते, कारण त्या काळचे बोर्ड तपकिरी, कागद आणि राळेचे, त्यांना उष्णता फार वेळ सोसत नाही. अशी वायर मुळापासून काढायची आणि त्याच जाडीची, जमलं तर त्याच रंगाची नवी घालायची. (साधा जस्त-कार्बनचा सेल गळला असेल तर खण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, अल्कलाइन गळला असेल तर व्हिनेगरने. एक आम्लधर्मी, दुसरा अल्कधर्मी, एवढंच लक्षात ठेवायचं.)

तर एवढं सगळं जो माणूस बदलतो, त्याला किटच्या चार वायरी का खुपाव्यात? हे मला गुरुजींनी तोंडावर विचारलं होतं. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय माझं उत्तर पुरं होणार नाही.

गुरुजी तासगावकडचे, निवृत्त शिक्षक. ऐंशीच्या दशकात मेव्हण्याने मस्कतहून आणून दिलेला नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन त्यांच्याकडे. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की गुरुजी तो सेट मंडपात न्यायचे आणि रात्रीची कीर्तनं भरून घ्यायचे. सेटमध्येच दोन्ही कोपऱ्यांत माइक, त्यामुळे वेगळं काही लागायचं नाही. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे अर्ध्या तासाने उलटायची. कित्येक कीर्तनांत नेमका अभंगाचा चरण मधेच तुटतो आणि पुढच्या बाजूला दृष्टान्ताच्या मध्यावर सुरू होतो. वर्षानुवर्षांच्या अशा कॅसेटी, प्रत्येकीवर शिक्षकी अक्षरात महाराजांचं नाव आणि तिथी.

टेप बंद पडल्यावर मुलाने सेट एका दुकानात दिला आणि तिथे किट बसवून आणलं. दुकान कुठलं ते सांगत नाही. दुकानदाराला जे सांगितलं ते त्याने केलं होतं. गुरुजींना ते आवडलंही होतं, रोज काकडा ऐकायचे. मग एकदा कॅसेटींची पेटी उघडली आणि त्यांच्या लक्षात आलं की आता त्या वाजवायच्या कशावर? माझं नाव कोणीतरी सांगितलं. "टेप परत चालू करून दे," म्हणाले, "कॅसेटी अडकून पडल्यात."

सेट उघडला. कॅसेटचं दार कापलेलं, त्या जागी निळे आकडे दाखवणारी पट्टी, मागे ग्लू गनचा ढीग. टेपचा मेकॅनिझम आत नव्हताच. गुरुजी हिशोबी माणूस, काढलेलं सामान त्यांनी दुकानातून मागून घेतलेलं होतं, ते पेढ्यांच्या खोक्यात. टेपवरचा आवाज वाचणारा तो हेड, त्याच्या दोन्ही शिल्ड वायरी (वरून तारेची जाळी असलेल्या) हेडच्या पिनांना लागूनच कापलेल्या. बोर्डाच्या बाजूलाही तसंच, आणि टेप-रेडिओ निवडायच्या स्विचचे पाय सोल्डरच्या एका थेंबाने एकमेकांना चिकटवून टाकलेले.

दुसऱ्या एखाद्या डेकवर कॅसेटी वाजवून दिल्या असत्या, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो असतो. पण टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, इतक्या हळू, की हेड केसभर तिरकं असलं तरी वरचे सूर गळतात. ज्या हेडने भरलं त्या हेडच्या कोनात टेप सगळ्यात स्वच्छ वाजते. दुसऱ्या डेकचा स्क्रू फिरवून तो कोन जुळवता येतो, हेही खरं आहे. पण गुरुजींचा हेड शाबूत होता आणि मला तोच हवा होता.

हेडच्या पाठीवर चार पिना, एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. ६०/४० सोल्डर १९० अंशांच्या आसपास पुरतं वितळतं, आयर्नचं टोक त्याहून कितीतरी तापलेलं असतं. पिनेवर जरा रेंगाळलं की आतली बारीक गुंडाळी गेली आणि हेड मेला. म्हणून वायरच्या टोकाला आधीच सोल्डर चढवून ठेवायचं, पिन घासून चमकवायची, टेकवायचं आणि उचलायचं. श्वास आपोआप थांबतो. थंड झालेला जोड चकचकीत दिसला तर ठीक, मळकट आणि रवाळ दिसला तर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, पुन्हा करा. बोर्डाच्या बाजूची कथा वेगळी. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मॉडेलचा सर्किटचा नकाशा मिळाला, पण त्यातले रंग आणि या सेटमधले रंग जुळेनात. शेवटी मल्टिमीटर लावून एकेक पट्टी शोधत गेलो. त्या पीं-पींला कंटाळून बायको खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायची.

पहिल्यांदा टेप फिरली तेव्हा डाव्या स्पीकरमधून टाळ आणि पखवाज स्वच्छ आले, उजव्यातून त्यांच्यावर घूंऽऽ. हेडमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टच्याही आत असतो, शेजारीच सेटचा ट्रान्सफॉर्मर बसलेला. शिल्डच्या बाहेर वायर थोडीशी उघडी राहिली तरी घूं पकडते. उजवी शिल्ड मी दोन्ही टोकांना अर्थ केली होती, एका टोकाची काढली तर निम्मी घूं गेली. उरलेली काही जाईना. सहा मोठे सेल घालून बघितलं तर नावालाही नाही. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचाच प्रताप. सेलवरच सगळ्या कॅसेटी वाजवल्या, कॉम्प्युटरवर घेतल्या, पेन ड्राइव्हवर भरल्या. यात झटपट काही होत नाही, अर्ध्या तासाची बाजू अर्धा तासच घेते. मी सलग इतकी कीर्तनं आयुष्यात ऐकली नव्हती.

गुरुजी सेट घेऊन गेले, खूश होऊन गेले. आणि पुढच्याच आठवड्यात सेट काखोटीला मारून परत हजर.

"आवाज सगळे पेन ड्राइव्हवर आले ना?"

"हो."

"मग आता टेपचं काय काम? ते काढ आणि ब्लूटूथ परत बसव. नातू फोनवरनं लावून देतो."

मी नाही म्हणालो. तेव्हा त्यांनी तो प्रश्न विचारला, "एवढ्या वायरी बदललास, आणखी चार जोडल्या तर तुझं काय जातं?" मी तापलो होतो. म्हणालो, "मग माझ्याकडे आणलातच कशाला, गुरुजी?" ते शांतपणे म्हणाले, "आवाज काढून घ्यायला." आणि सेट उचलून गेले. किट बसलं, जुन्याच दुकानात.

त्यांच्या बोलण्यात आजही मला फट सापडत नाही. त्यांना सेट कधी नकोच होता, कीर्तनं हवी होती. सेट मला हवा होता. माझे ते दोन जोड कापले गेले असतील, पेढ्यांच्या खोक्यात पुन्हा जाऊन पडले असतील, याचाच राग जास्त होता का? होता. पण तेवढाच होता असंही नाही. बेल्ट किंवा वायर बदलली तर सेट पुन्हा तेच काम करतो. किटसाठी मेकॅनिझम उपटला की भरून घेण्याचं, वाजवण्याचं कामच संपतं, आणि पुढच्या कोणाला ते परत आणायचं झालं तर सामान नाही. आज नवे निघणारे कॅसेट मेकॅनिझम बहुतेक एकाच साध्या, जुन्या डिझाइनच्या नकला आहेत. त्यातला एकही त्या जुन्याच्या पासंगाला पुरत नाही. यावर गुरुजी म्हणतील, पुढच्या कोणाला कशाला हवंय? आणि मी गप्प बसेन.

आता तुम्हाला काय करून देतो ते सांगतो. सेटच्या मागे पाच पिनांचं गोल सॉकेट किंवा लाइन-इन असेल तर बाहेर छोटा रिसीव्हर ठेवून वायर जोडून देतो. काही कापत नाही. सॉकेट नसेल तर निवडायच्या स्विचपाशी दोन वायरी आणि अर्थ हलकेच सोल्डर करून एक जॅक बाहेर काढतो, उद्या नको झाला तर निघेल असा. म्हणजे ब्लूटूथ मी बसवतोच की, असं कोणी म्हणेल. म्हणा. तरी बरेच जण परत जातात, कारण वायर लोंबते आणि पुढून निळा लाइट दिसत नाही.

परवा गुरुजींचा फोन आला होता. उजवा स्पीकर बंद पडलाय. स्पीकरची वायरच सुटली असणार, फार वेळाचं काम नाही. आणा म्हणालो. "ब्लूटूथला हात लावायचा नाही, एवढी अट आहे," म्हणाले. आता तो स्पीकर जोडून देणं म्हणजे मी किटचीच दुरुस्ती केली असं होतं की नाही, यावर माझं आणि बायकोचं एकमत झालेलं नाही.