स्टिकरवर ४५०, बाराच्या लाईनला २१६

मागच्या शनिवारी सिडकोतला एक मुलगा पीसीचं कॅबिनेट स्कूटीवर पायाशी ठेवून दुकानात आला, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. म्हणे दादा, रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ फायनल बनवायला टाकला, की पाच-दहा मिनिटांत पीसी फटकन बंद, ना एरर ना निळी स्क्रीन. दुसरीकडे त्याला सांगितलेलं की ग्राफिक्स कार्ड गेलंय. आरटीएक्स ३०६०, पैसे साठवून घेतलेलं, चेहरा पार उतरलेला त्याचा.

मी कार्डला हातच नाही लावला, आधी साईडचं पॅनल काढून एसएमपीएस, म्हणजे पीसीला करंट पुरवणारा डबा, बघितला. वर मोठ्ठं ४५० छापलेलं. तो आकडा मी कधीच धरत नाही, खाली बारीक अक्षरात तक्ता असतो त्यात +१२ व्होल्टला किती अँपिअर दिलेत ते बघायचं. मोबाईलचा टॉर्च मारून वाचलं तर १८. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट, बास. आणि याच लाईनवर चालणारं कार्ड एकटंच १७० पर्यंत खातं, आय५ १२४००एफ प्रोसेसर फुल लोडला ११७ पर्यंत जातो, इथेच २८७ झाले, बोर्ड, हार्डडिस्क, फॅन अजून धरलेच नाहीत.

मग मीटर लावला, पिवळी म्हणजे +१२ ची आणि काळी म्हणजे ग्राउंडची वायर. नुसता चालू असताना ११.९ व्होल्ट, रेंडर सुरू केला तसा आकडा खाली खाली, ११.२ ला आला आणि खटकन बंद. ११.४ च्या खाली जायलाच नको खरं तर.

पण खरा धक्का पुढे होता. त्या एसएमपीएसला कार्डला लागणारी ८ पिनची वायरच नव्हती, कोणीतरी मोलेक्सचं, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्या ४ पिनच्या वायरवरून काढलेलं, कन्व्हर्टर लावून दिलेलं. ते उपसलं तर एका पिनपाशी पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, करपट वास. हा पोरगा रात्री रेंडर लावून त्याच खोलीत झोपायचा हो! माझ्या पोटात गोळाच आला.

दुकानातला ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस जोडला, त्याला बाराच्या लाईनला ४५ अँपिअर आहेत आणि ८ पिनची स्वतःची वायर. तोच प्रोजेक्ट लावला, चहा आला, गिऱ्हाईकं येऊन गेली, दीड तास झाला तरी मीटर १२ च्या आसपासच. एक्सपोर्ट पूर्ण झाल्यावर तो पहिल्यांदा हसला आणि तिथूनच कुणालातरी फोन लावला, "भाऊ, ते कार्ड नाही विकायचं आता, चांगलंय ते."