वाळीत टाकलं, इंग्रजीत काय लिहू?

कोर्टाच्या मराठी कागदांचं इंग्रजी करून देणं हे माझं काम. लोकांना वाटतं डिक्शनरी घेऊन बसायचं झालं, पण अर्धा वेळ हवालदाराचं अक्षर लावण्यात जातो आणि उरलेला ते एक वाक्य फोडण्यात, जे "समक्ष हजर राहून जबाब देते की" ला सुरू होतं आणि पूर्णविराम थेट सहीच्या वर.

मध्यंतरी कोकणातल्या एका बाईंचा जबाब आला. गावकीने ठोकलेला दंड भरला नाही म्हणून घर वाळीत. गिरणीवाला दळण घेईना, दुकानदार रोख पैसे धरले तरी साखर देईना, जो बोलेल त्यालाही दंड, सासरे वारले तेव्हा खांद्याला फक्त घरचे. आणि जबाबात लिहिलंय काय, तर "वाळीत टाकण्यात आले". कोणी टाकलं? हे "करण्यात आले" पोलीस ठाण्यातून कधी जाणार देव जाणे, आरोपीच्या वकिलाला आयतंच सापडतं.

ज्युनिअर वकीलसाहेबांचा फोन, ऑस्ट्रसाइझ लिहा, भारदस्त वाटतं. (यांना सगळंच भारदस्त हवं असतं, फी सोडून.) मी म्हटलं महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याच्या इंग्रजी नावातच सोशल बॉयकॉट आहे, तेच ठेवू. शिवाय ऑस्ट्रसाइझ हा शब्द आला प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सवरून, तिथे खापरावर नाव कोरून ज्याला हाकलायचे तो दहा वर्षं शहराबाहेर जायचा. या बाई तर गावातच आहेत, रोज त्याच रस्त्याने जातात.

गंमत म्हणजे हा वाद आधीच होऊन गेलाय. १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा एजंट होता. पीक बुडालेलं, कुळं खंड कमी करा म्हणत होती, याने घर-जमीन सोडायच्या नोटिसा काढल्या. मग गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात. ऑस्ट्रसाइझ शेतकऱ्यांना कळायचं नाही म्हणून फादर ओमॅली यांनी त्याच्या आडनावाचंच क्रियापद सुचवलं असं सांगतात. त्याचं पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास सैनिक-पोलीस आले, सुमारे पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च!

आणि इथेच मी अडकलोय. दुकान बंद, माणसं बंद, सगळं तेच, पण तिथे कुळांनी एजंटला टाकलं होतं आणि इथे अख्ख्या गावाने एका घराला. बॉयकॉटच्या बटाट्यांना फौज मिळाली, या बाईंना आधी "आपसात मिटवा" असं ऐकावं लागलं, तेही जबाबात आहे.

शेवटी बॉयकॉटच लिहिलं, सगळीकडे, आणि पहिल्या ठिकाणी "वाळीत टाकणे" तसंच ठेवून खाली टीप दिली. ज्युनिअरने टीप खोडून परत पाठवलीये. मी ती पुन्हा टाकून पाठवणार आहे.