रील ठरलं: लहान, उघडं आणि ३६ नंबरच्या लाइनचं

बुडालेल्या जहाजात शिरताना वापरायच्या गाईडलाइनसाठी, म्हणजे परतीची वाट सापडावी म्हणून मागे सोडत जायच्या दोरीसाठी, रील अखेर ठरलं. मोठ्या रीलचा मोह बरेच दिवस सुटत नव्हता, कारण लाइन हाताशी जास्त असलेली बरी असं वाटायचं. मग हिशेब मांडला. रिक्रिएशनल डायव्हिंगमध्ये खोली आणि आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या आत राहायचं, तेही बाहेरचा उजेड दिसतोय तिथपर्यंतच. म्हणजे दार २५ मीटरवर असेल तर आत फार तर १५ मीटर. दाराबाहेरची पहिली गाठ, आत शिरताच दुसरी आणि वाटेतले वेढे धरूनही ३० मीटरमध्ये भागतं. शंभर-सव्वाशे मीटरची रीलं गुहेत लांबवर जाणाऱ्यांसाठी ठीक.

ड्रम झाकलेलं बंद रील की उघडं, यावर मात्र माझं मत पक्कं आहे. ड्रम गरजेपेक्षा जोरात फिरला की लाइन सैल पडते आणि कडेच्या फटीत शिरते. बंद रीलमध्ये तिथे बोट पोचत नाही. उघड्यात अडकलेला वेढा दिसतो, हातमोजा घालूनही ओढून काढता येतो. हातमोजा घालून लॉकचा स्क्रूही फिरवून बघा. काही रीलांवर तो इतका बारीक असतो की चिमटीत धरताच येत नाही.

लाइन विणलेल्या नायलॉनची, पांढरी. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, जरा ढील पडली की वर येऊन फिन्समध्ये किंवा टाकीच्या व्हॉल्व्हवर अडकणार. २४ नंबरची बारीक लाइन जास्त मावते, पण गंजलेल्या पत्र्याच्या धारेवर घासली जाणार म्हणून मी जाड ३६ घेतली. जाड्या हातमोज्यातही ती बोटांना नीट लागते. दर ३ मीटरवर गाठ मारली. लाइन भिजवून, ताण ठेवून गुंडाळली आणि ड्रमच्या काठाशी थोडी जागा मोकळी सोडली.

स्पूलमध्ये, म्हणजे हँडल नसलेल्या नुसत्या चकतीत, बिघडण्यासारखं काही नसतं, हे खरं. पण परतताना हाताने गुंडाळायला वेळ लागतो, म्हणून ३० मीटरचा स्पूल राखीव आणि पाण्यावर खुणेसाठी सोडायच्या तरंगत्या बॉयसाठी.

सध्या घरातच खुर्च्या-टेबलांभोवती लाइन टाकतोय आणि डोळे मिटून, अंगठा व तर्जनीच्या कड्यात ती धरून परत येतोय. यात एक गोष्ट फार स्पष्ट कळली: वळणावर न बांधता लाइन ताणली की ती आतल्या बाजूला सरकते. कपाटाखालच्या फटीत गेली तेव्हा हात तिच्यामागे जात होता, खांदा जात नव्हता. अंधारात, गाळ उठलेला असताना अशी फट म्हणजे सापळाच. आता प्रत्येक वळणाआधी वेढा घेतो, आणि लाइन खाली, एकाच बाजूने ठेवतो.

यानंतर उथळ, मोकळ्या पाण्यात मास्क झाकून हेच. जहाजात शिरायचं ते प्रशिक्षकाबरोबरच.