लाईट गेली तरी बुडबुडे चालू

मे महिन्यात एका रात्री वळवाचा पाऊस झाला, वारा एवढा की आमच्या इंदिरानगरच्या गल्लीत झाडाची फांदी तारांवर पडली आणि साडेबाराला गेलेली लाईट सकाळपर्यंत आलीच नाही. दोन वाजता सासूबाईंनी हाक मारली, "अगं उठ, मासे सगळे वर आलेत बघ." टॉर्च मारून पाहिलं तर चारही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून भराभर हवा घेत होते. मग आम्ही दोघी आळीपाळीने तांब्याने टाकीतलंच पाणी काढून हातभर उंचावरून परत ओतत बसलो, हवा मिसळावी म्हणून, पार साडेपाचपर्यंत. तरी सगळ्यात मोठा, पांढऱ्या शेपटीचा, सकाळी गेलाच. सासूबाई रोज त्याच्यासमोर बसून जप करायच्या, त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

उन्हाळ्यात हे जास्त होतं. २५ अंशांचं पाणी लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरतं, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला, पाणी तापलं की त्याला उलट जास्तच ऑक्सिजन लागतो. त्यात आमची टाकी ३ फुटी, साधारण १०० लिटरची आणि फिल्टर स्पंजचा, म्हणजे हवेचा पंप थांबला की फिल्टरही थांबला, आणि स्पंजमधे जे बॅक्टेरिया माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खातात ते पण ऑक्सिजनवरच जगतात.

सगळे म्हणाले इन्व्हर्टर घे. पण ३-४ वॅटच्या पंपासाठी बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० करायचे, त्यात इन्व्हर्टर स्वतःच वीज खाणार, मला ते पटलं नाही. त्यापेक्षा १२ व्होल्टवर चालणारा छोटा डीसी एअर पंपच घेतला आणि एमजी रोडवरून यूपीएसमधे असते तशी १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी आणली. माझा पंप मोजला तर ०.३ अँपिअर घेतो. बॅटरीवरचे ७ एएच हे २० तासांच्या हिशोबाने असतात, म्हणजे ०.३५ अँपिअरने २० तास, पण रोज एवढी पिळली तर लवकर मरते म्हणून मी निम्मीच धरली, तरी अकरा-बारा तास निघतात.

खरी गरज होती ती आपोआप चालू होण्याची, कारण लाईट जाते ती आपण झोपेत किंवा कामावर असतानाच. जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडून होता, तो रिलेच्या (विजेने ओढला जाणारा छोटा स्विच) कॉइलला जोडला आणि बॅटरीची प्लस वायर एनसी पॉइंटमधून (कॉइलला वीज नसताना जोडलेला असतो तो) पंपाला नेली. लाईट असेपर्यंत रिले ओढलेला राहतो आणि पंप बंद, लाईट गेली की एखाद सेकंदात टक् असा आवाज येतो आणि पंप सुरू. पहिल्यांदा मी वायर चुकून एनओला (वीज असतानाच जोडला जातो त्या पॉइंटला) लावली होती, त्यामुळे लाईट असताना पंप सुरू आणि गेल्यावर बंद, अर्धा तास बॅटरीलाच दोष देत बसले.

चार्जिंगला लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अडॅप्टर आणि करंट सेट करता येणारा बक कन्व्हर्टर (व्होल्ट कमी करणारं छोटं सर्किट), करंट ०.७ अँपिअरला बांधला. बॅटरी उलट त्याच्यात रिकामी होऊ नये म्हणून मधे शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देतो तो) टाकलाय, आणि डायोड थोडे व्होल्ट खातो म्हणून चार्जिंगचे १३.६ व्होल्ट मी डायोडच्या पुढे, बॅटरीच्या टोकांवर मोजून सेट केले. बॅटरीच्या प्लसला लागूनच २ अँपिअरचा फ्यूज आहे, तो टाळू नका प्लीज, बॅटरी छोटी असली तरी शॉर्ट झाली तर वायर पेटते.

आणि नळीतला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप! रोजच्या आणि बॅटरीच्या, दोन्ही पंपांच्या नळ्या टी-जॉइंटने एक केल्यात, तर प्रत्येकीत वेगळा लागतो, नाहीतर चालू पंपाची हवा बंद पंपातून निघून जाते. शिवाय पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर बंद झाल्यावर पाणी नळीतून उलटं येतं. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, लावायच्या आधी तोंडाने फुंकून बघायची, एका बाजूने हवा जाते आणि दुसरीकडून अजिबात नाही.

शनिवारी रात्री नऊला मुद्दाम दोन्ही अडॅप्टर आणि रोजचा पंप काढून ठेवले. झोप लागलीच नाही नीट, दर तासाने उठून बघत होते. सकाळी सातला पंप चालूच होता, बंद करून तासभराने मोजलं तर १२.३ व्होल्ट. तिन्ही मासे खाली वाळूत तोंड घालून काहीतरी शोधत होते.

जूनमधे परत तसाच वारा सुटला. मी स्वयंपाकघरात होते, लाईट गेली, अंधारात टक् ऐकू आलं आणि मागोमाग बुडबुडे. सासूबाई हॉलमधूनच म्हणाल्या, "चालू झालं गं." तांब्या अजून टाकीशेजारच्या स्टूलवरच आहे, त्या उचलू देत नाहीत.