आमची वाटचाल : ‘माणूस कसा आहे, तेवढं बघा’

घरमालक होणाऱ्या भाडेकरूच्या चौकशीचं काम आमच्याकडे सोपवताना बहुतेक वेळा एवढंच म्हणतात, “माणूस कसा आहे, तेवढं बघा.” आमची दोघी बहिणींची ही लहानशी फर्म याच वाक्यातून सुरू झाली. मी हिशेबाची नोकरी करत होते, धाकटी कर्जाच्या अर्जांची कागदपत्रं तपासायची. आमच्या एका नातेवाइकांच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आठ महिन्यांचं भाडं थकवून बसला होता. घर देताना त्याचं काय पाहिलं होतं, असं विचारलं तर उत्तर आलं, “अगं, किती अदबीने बोलायचा!” ते प्रकरण कसंबसं निस्तरलं, आणि पुढच्या भाडेकरूची चौकशी आम्ही केली. पैसे नको म्हणत होतो, त्यांनी दिलेच.

सुरुवातीला आम्ही नको ते फार मेहनतीने तपासलं. शेजाऱ्यांना विचारायचं, सोशल मीडियावरचे फोटो चाळायचे आणि बारा-पंधरा पानी अहवाल द्यायचा. मालक खूश व्हायचे, पण भाडं वेळेवर येईल की नाही, हे त्या पंधरा पानांत कुठेच नसायचं.

एकदा एका अर्जाबरोबर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आल्या. लोगो, शिक्का, सही, सगळं चोख. धाकटीने सवयीने कॅल्क्युलेटर ओढला. मूळ पगार, भत्ते, कपाती धरून हातात येणारी रक्कम काही जुळेना. तिन्ही महिन्यांत तेवढाच फरक. पगाराचं सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही. कुणीतरी मधलाच एक आकडा बदलून खालची बेरीज तशीच ठेवली होती. नीट पाहिलं तर तो एक आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा केसभर जाड होता. अर्जावर दिलेल्या कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर ‘एचआर मॅनेजर’च्या मागे लहान मूल रडत होतं. तेव्हापासून कंपनीचा नंबर आम्ही स्वतः शोधतो, आणि स्लिपवरची रक्कम बँक स्टेटमेंटमध्ये त्याच आकड्याने जमा झालेली दिसल्याशिवाय पुढे जात नाही.

आधीच्या घरमालकाला फोन करण्याची गंमत वेगळीच. सध्याचा मालक जर भाडेकरूला कंटाळलेला असेल, तर तो हमखास म्हणणार, “सोनं आहे हो, सोनं!” त्याला तो घरातून जायला हवा असतो. म्हणून आम्ही त्याच्याही आधीच्या मालकाला गाठतो. त्याला आता ना देणं ना घेणं. सुरुवातीला मुद्दाम भाड्याचा आकडा चुकीचा सांगतो. खरा मालक लगेच दुरुस्त करतो. मालक म्हणून उभा केलेला मित्र “हो, हो, तेवढंच” म्हणून मोकळा होतो. शेवटचा प्रश्न एकच : पुन्हा त्यांना घर द्याल का? या प्रश्नानंतर फोनवर जी शांतता पसरते, ती आम्ही शब्दशः अहवालात लिहितो. ‘थोडा वेळ थांबून हो म्हणाले.’

उत्पन्नाबाबत मालकांचा हट्ट असतो, की पगार भाड्याच्या तिप्पट हवाच. हा हिशेब आला कुठून, याचा मी शोध घेतला. त्याच्या जवळचा एक आकडा अमेरिकेच्या सरकारी घरांचा निघाला. 1969 मध्ये तिथे गरीब भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या 25 टक्क्यांहून जास्त भाडं घेऊ नये असं ठरलं, 1981 मध्ये ते 30 टक्के झालं. म्हणजे ती भाडेकरूला सांभाळण्याची मर्यादा होती. आपण मात्र तिचाच भाऊ शोभेल असा नियम दार बंद करायला वापरतो. पगार नसलेला पण भरपूर शिल्लक असलेला निवृत्त माणूस या चाळणीत अडकतो. हप्त्यांनी बेजार झालेला मोठा पगारदार सहज निसटतो. स्वतःचा धंदा असणाऱ्यांचं आम्ही बारा महिन्यांचं स्टेटमेंट बघतो; एखादा चांगला महिना सगळ्यांचाच असतो.

आता आमच्या चुकीबद्दल. एका बाईंच्या नावावर न्यायालयीन नोंदींत भाडेथकबाकीचा दावा सापडला. आम्ही मालकाला कळवलं, घर गेलं. चार दिवसांनी बाई स्वतः आल्या, टेबलावर जन्मदाखला ठेवला. नाव तेच, आडनाव तेच, बाई दुसरी! मालकाने तोवर घर दुसऱ्याला दिलं होतं. आम्ही माफी मागितली, त्याने त्यांचं घर काही परत आलं नाही. अमेरिकेत 1970 च्या एका कायद्यात आता अशी तरतूद आहे, की पतविषयक अहवालावरून कुणाला घर नाकारलं तर तो अहवाल कोणाचा, हे त्याला सांगावंच लागतं, आणि 60 दिवसांत मागितल्यास त्याची प्रत फुकट मिळते. आम्ही एक पाऊल अलीकडे थांबतो : नाव, जन्मतारीख आणि जुना पत्ता तिन्ही जुळल्याशिवाय नोंद धरत नाही, आणि वाईट काही सापडलं तर मालकाच्या आधी अर्जदाराला विचारतो. वेळ लागतो. मालक चिडतात.

धर्म कोणता, मुलं किती, एकटीच राहणार का, हे प्रश्न आम्ही विचारत नाही. तसं स्पष्ट सांगितल्यावर आमचं बरंचसं काम गेलं. एका मालकांनी तर “मग तुमचा उपयोग काय?” असं विचारून फोन ठेवला. मधले काही महिने मी परत नोकरीचे अर्ज भरले, हेही सांगून टाकते. मग जुन्याच मालकांनी नवी गिऱ्हाइकं पाठवली. ती माणसं नियम आधी कागदावर लिहून देतात आणि सगळ्या अर्जदारांना तेच लावतात.

अहवाल आता एका पानाचा असतो. गेल्या महिन्यात कपाट उघडलं तेव्हा ज्यांना घर मिळालंच नाही, अशांच्या ओळखपत्रांच्या आणि स्टेटमेंटच्या प्रतींचा गठ्ठा खाली कोसळला. कशाला ठेवल्या होत्या, कोण जाणे. कागदाचे तुकडे करणारं श्रेडर विकत आणलं, पहिल्याच दिवशी स्टेपलरच्या पिनांमुळे ते अडकलं. तेव्हापासून पिना काढायचं काम माझ्याकडे आहे.